प्रकल्प नोंदी: एक पीएच.डी. आणि तीन विणकामं

४ ऑगस्ट २०२४

सुया रिकाम्या आहेत, तेव्हा नवी वही उघडायला हरकत नाही. हातात घ्यायची कामं अशी: आप्पांसाठी बिनबाह्यांचा स्वेटर, थंडी पडायच्या आत. वहिनीच्या बाळासाठी टोपडं आणि मोजे. डॉक्टरांनी नोव्हेंबरचा शेवट सांगितलाय. माझ्यासाठी सुती धाग्याची जाळीदार ओढणी, जिला तारीख नाही आणि म्हणूनच ती गेल्या उन्हाळ्यापासून नुसती मनात आहे. या तिन्हींच्या डोक्यावर बसलेलं चौथं काम म्हणजे पीएच.डी.: केळीच्या मुळांभोवतीच्या मातीतले फॉस्फेट विरघळवणारे जिवाणू. कोर्सवर्कचे क्रेडिट पदरात पडलेत. जानेवारीत आरएसीसमोर, म्हणजे संशोधन सल्लागार समितीसमोर, सहामाही प्रगती दाखवायची.

'अभ्यास सांभाळून हे जमतं कसं गं?' असं मला कुणी ना कुणी विचारतंच, आणि विचारणाऱ्याचा सूर बहुतेक वेळा 'जमवतेसच कशाला' असा असतो. वेळ खूप लागत असेल, असं सगळ्यांना वाटतं. वेळेचं मला एवढं कौतुक नाही. प्लेट इन्क्युबेटरमध्ये गेली की जिवाणू त्यांच्या चालीनं वाढतात, मी समोर बसले काय आणि नसले काय. पुरत नाही ते लक्ष. म्हणून या वहीत तासांचा हिशोब मांडत बसणार नाही. कुठल्या कामाला डोकं किती लागतं आणि ते दिवसाच्या कुठल्या कप्प्यात बसतं, तेवढंच लिहायचं.

१३ ऑगस्ट

रोटांसाठी, म्हणजे श्रावणातल्या कानबाई देवीच्या सणासाठी, खान्देशात घरी जाऊन आले. कानबाई म्हणजे आमच्याकडे पाय ठेवायला जागा नसते. पुण्या-मुंबईचे भाऊबंद उतरलेले, चुलीवर खापर, ओट्यावर पोरांची झुंबड. त्यात आप्पांना टेप लावून उभं करणं अशक्य. "मले कशाले सुटर? घोंगडी हाये ना," एवढं बोलून ते बाहेर मंडळींत जाऊन बसले. मग त्यांचा सगळ्यांत नीट बसणारा शर्ट खाटेवर पसरला आणि मापं घेतली. छातीची सपाट रुंदी ५१ सेंमी, खांद्यापासून लांबी ६२. माणसापेक्षा शर्ट मोजलेला बरा, शर्ट पोट आत ओढत नाही.

घोंगडी उत्तम आहे, पण ती बसलेल्या माणसाची. शेतीची थ्री फेज लाईट रात्रीच्या पाळीला आली की आप्पा केळीत जातात. ठिबक असलं तरी मोटर सुरू झाल्यावर फिल्टर धुवायचा, एका प्लॉटचा व्हॉल्व्ह बंद करून दुसऱ्याचा उघडायचा, कुठे नळी निसटली असेल तर वाकून बसवायची. वाकलं की घोंगडी खांद्यावरून घसरते आणि टोक चिखलात जातं. मग ते ती मोटरीच्या खोलीत टाकून नुसत्या शर्टावर फिरतात. डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे पारा दहाच्या खाली उतरतो. बाह्या नकोत त्याचंही कारण हेच काम. हात कोपरापर्यंत पाण्यात जातो, आणि ओली बाही अंगावर घेऊन रात्र काढण्यापेक्षा उघडा हात परवडतो.

२५ ऑगस्ट

फुले मार्केटला जाऊन आले. लोकर म्हणून दुकानात जे मिळतं ते बहुतेक अ‍ॅक्रिलिक. नावं ठेवायला जागा नाही: रंग झकास, धुवायला सोपं, कसर लागत नाही, खिशाला परवडतं. बाळासाठी तेच घेतलं, हळदीच्या रंगाचं, मऊ, केसाळ नसलेलं. केसाळ धाग्याचे तंतू तान्ह्या बाळाच्या नाकातोंडात जातात, ते नको.

आप्पांसाठी मात्र ते चालणार नाही, कारण शेकोटी. मोटर चालू आहे तोवर शेतकरी बांधावर तुराट्या-पऱ्हाट्या पेटवून बसतो. खोलीत आल्यावर दोन्ही धाग्यांचा तुकडा चिमट्यात धरून मेणबत्तीवर धरला. अ‍ॅक्रिलिक ज्योतीजवळ जाताच आधी आकसलं, मग भुर्रकन पेटलं, काळा धूर सोडत वितळलं आणि चिमट्याच्या टोकाशी टणक काळा मणी उरला. तो गार झाल्यावर नखानंही फुटेना. हाच मणी अंगावर असताना कातडीला चिकटतो. दुसरा तुकडा मावशीच्या जुन्या शालीतून काढलेला, खऱ्या लोकरीचा. तो सळसळत, फेस आल्यासारखा जळला, ज्योत बाजूला नेली तसा आपोआप विझला, आणि राख बोटांत चुरली. वास जळक्या केसांचा. केस आणि लोकर दोन्ही केराटिनच. रूममेटनं खिडकी उघडली आणि 'लॅब तिकडे आहे' म्हणून दाखवलं.

लोकरीचा दुसरा गुण ओलीचा. आपल्या वजनाच्या ३० टक्क्यांच्या आसपास ओल ती तंतूंत ओढून घेते तरी अंगाला गार लागत नाही. अ‍ॅक्रिलिकला ते जमत नाही. धुकट रात्री केळीच्या पानांतून टपटप पाणी गळत असतं, तिथे हा गुण कामाचा. भाव विचाराल तर कैक पट. पण एका स्वेटरपुरती लोकर लागते पाव किलोहून थोडी जास्त, आणि तो दहा वर्षं टिकतो. कुलूकडून राखाडी रंगाची मागवली, ३०० ग्रॅम.

८ सप्टेंबर

गणपती काल बसले. लोकर लड्यांमध्ये आली. रूममेटच्या दोन्ही हातांत लडी अडकवून गुंडे केले. ती तोंडानं बायोस्टॅटिस्टिक्सची सूत्रं पाठ करत होती, हात मला दिले होते.

फोनवरच्या आकृत्यांत सुया मिलिमीटरमध्ये असतात, आपल्याकडच्या दुकानात नंबरांत. नंबर वाढला की सुई बारीक होते: ८ नंबर म्हणजे ४ मिमी, १० नंबर म्हणजे सव्वातीन. अमेरिकन आकृती असेल तर तिचे नंबर उलटे चालतात, तिथे ८ म्हणजे ५ मिमीची जाड सुई. नंबर बघून सुया घेणाऱ्यानं आकृती कुठल्या देशाची ते आधी बघावं.

८ नंबरवर हातभर नमुना विणला, कोमट पाण्यात भिजवला, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबला, सपाट वाळवला. धुण्याआधी मोजायचाच नाही. १० सेंटिमीटरला २२ टाके आणि ३० ओळी आल्या. ५१ सेंमी रुंदीला ११२ टाके. कड दोन सुलट दोन उलटची. दोन्ही टोकं सारखी यावीत म्हणून चारच्या पटीवर आणखी दोन, म्हणजे ११४. कड १० नंबरवर, अंग ८ वर.

माझा हात मिनिटाला तीसेक टाके टाकतो. म्हणजे एका ओळीला चार मिनिटं, ६२ सेंमीच्या पाठीला १८६ ओळी, जवळजवळ बारा तास. पुढची बाजू तेवढीच. हे बारा अधिक बारा तास ऐकून लोक दचकतात. त्यातला मोठा भाग नुसता सुलट ओळ, उलट ओळ आहे, डोळे मिटून होणारा. खरं डोकं लागतं मुंढ्याला (बगलेच्या वळणाला), गळ्याला आणि खांद्याला. ते सगळं मिळून तीन-चार तासांचं. ज्या आठवड्यात लॅबमध्ये आकडे निघायचेत त्या आठवड्यात हे तीन-चार तास येऊ द्यायचे नाहीत, एवढाच सगळा बंदोबस्त.

२२ सप्टेंबर

लॅबचं काम आता रांगेला लागलंय, तेव्हा ते कसं चालतं ते लिहून ठेवते.

आमच्या काळ्या जमिनीत चुना भरपूर. स्फुरदाचं (फॉस्फरसचं) खत टाकलं की त्यातला बराच भाग कॅल्शियमशी बांधला जातो आणि मुळांना मिळत नाही. काही जिवाणू सेंद्रिय आम्लं सोडून तो मोकळा करतात. ते शोधायला पिकोव्हस्काया माध्यम (जिवाणू वाढवायचं खाद्य) वापरतात, १९४८ पासून. त्यात ट्रायकॅल्शियम फॉस्फेट घातलेलं असतं, त्यामुळे प्लेट दुधासारखी पांढुरकी दिसते. जिवाणूची वसाहत वाढते, आम्ल पसरतं, फॉस्फेट विरघळतं आणि वसाहतीभोवती स्वच्छ पारदर्शक कडं उमटतं. पट्टीनं दोन व्यास घ्यायचे. वसाहत ६ मिमी आणि कड्यासकट १५ मिमी असेल तर दोन्हींची बेरीज भागिले वसाहत, म्हणजे साडेतीन, हा विरघळवण्याचा निर्देशांक. प्लेटा २८ अंशांवर, आणि कडं नीट उठायला पाच-सात दिवस.

या पाच-सात दिवसांत विणायला हरकत नसावी, असं बाहेरून वाटतं. तसं नसतं, कारण एका जिवाणूच्या प्लेटा मुरत असताना दुसऱ्याचा वाढीचा आलेख चालू असतो. त्यात दर अर्ध्या तासाला नमुना काढायचा, ६०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात गढूळपणा मोजायचा, लिहायचा. रीडिंग पाच मिनिटांत उरकतं, मग पंचवीस मिनिटं मोकळी. लोकर लॅबच्या आत अर्थातच नाही: तंतू उडतात, निर्जंतुक काम बिघडतं, शिवाय ज्या टेबलावर जिवाणू हाताळायचे तिथे आप्पांच्या अंगावर जायची वस्तू ठेवायची कशाला? एप्रन काढून, हात साबणानं धुऊन बाहेरच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसायचं. पिशवी बाकाखाली.

त्या पंचवीस मिनिटांत पेपर वाचून होत नाही. मी करून पाहिलंय. पद्धतीच्या परिच्छेदात शिरावं तोवर गजर होतो, आणि पुढच्या फेरीला पुन्हा पहिल्या ओळीपासून. सुलट-उलट मात्र मध्येच टाकून उठता येतं आणि पुन्हा बसल्यावर हाताला ठाऊक असतं. म्हणजे तुकड्यातुकड्यांचा वेळ विणकामाला, सलग वेळ वाचनाला. लोक उलटं करतात. फावल्या दहा मिनिटांत पेपर उघडतात आणि रविवारची अख्खी सकाळ विणायला ठेवतात. मग ना हे धड, ना ते.

दुसरी जागा ऑनलाइन व्याख्यानांची. ऐकायचं असेल तर हात चालू असलेले बरे, नाहीतर हात फोनकडे जातो. पण फळ्यावर समीकरणं असतील तर सुया खाली. आमच्या मॅडमना एकदा व्हरांड्यातच दिसले मी. त्या थांबल्या, पाठीची कड हातात घेऊन पाहिली, म्हणाल्या, "चाराच्या रीडिंगला उशीर करू नकोस." एवढंच. कड सैल नाही हे त्यांनी अंगठ्यानं ताणून बघितलं, म्हणजे त्याही विणत असाव्यात कधीकाळी.

६ ऑक्टोबर

विणकाम बंद. मातीचे नवे नमुने आले, क्रमवार विरळीकरण, दहाच्या उणे सहाव्या घातापर्यंत, म्हणजे दहा लाख पट पातळ होईपर्यंत. दिवसभर मायक्रोपिपेटचं बटण दाबायचं ते अंगठ्यानं, आणि संध्याकाळी सुईवर धागा फिरवतानाही ताण येतो तो त्याच अंगठ्याच्या बुडाशी. पिपेटचा दिवस असेल त्या रात्री सुया उचलायच्या नाहीत हा नियम. शनिवारी सीनिअर ताईच्या मनगटाला पट्टा बांधलेला पाहिला. तिला विणता येत नाही. एकट्या पिपेटनं एवढं होतं.

२० ऑक्टोबर

रावेर-यावल पट्ट्यात नमुने गोळा करायला गेले. खोडापासून वीतभर अंतरावर, १५ सेंमी खोल, बारीक मुळांना चिकटलेली माती ब्रशनं झाडून घ्यायची. नमुना थंड डब्यात. परतताना घरी थांबले तर कापसाची वेचणी चाललेली. मजूर कमी, म्हणून मीही दोन ओळी धरल्या. फुटलेल्या बोंडाच्या सुकलेल्या टोकांनी बोटं अशी खरचटतात की नंतर लोकर जागोजाग अडकते. घरी आल्यावर खोबरेल आणि साखर चोळून हात साफ केले. तेल नीट पुसलं नाही तर लोकर ते पिते, म्हणून रात्रभर थांबले.

पऱ्हाटीत उभं राहून ओढणीचा विचार आला. आजूबाजूला सगळा कापूस, जिल्ह्यात जिनिंगची रांग, १७० किलोच्या गाठी बांधून ट्रकनं बाहेर जातात. आणि विणायचा सुती धागा मी मागवणार तो दुसऱ्या राज्यातून, गुंडीला कागदाचा पट्टा लावलेला. सरकी वेगळी करण्यापलीकडची कमाई दुसऱ्याच्या गावाला जाते. हा काही विणकामाचा प्रश्न नव्हे, पण विणताना जास्त बोचतो.

३ नोव्हेंबर

भाऊबीज. दिवाळीत टोपडं झालं, मोजेही. दोन्ही मिळून हातभरसुद्धा धागा उरला नाही. टोपड्याला बंद लावायचे का यावर आई आणि वहिनीत एकमत होईना. आई म्हणते बंदाशिवाय टोपडं डोक्यावर राहत नाही. वहिनीचं म्हणणं, झोपेत गळ्याशी दोरी नको. मी वहिनीच्या बाजूनं. कडेला दोन-दोनची वीण ताणती ठेवली की बंदाची गरज नाही. मोज्यांना जाळी नाही घातली, दिसायला कितीही गोड असली तरी. तान्ह्याची बोटं जाळीच्या भोकात अडकतात, आणि आतल्या बाजूला सुटलेला धागा बोटाला गुंडाळला तर कळतही नाही. आतली टोकं शिवून घट्ट केली, मोजे उलटे करून बोट फिरवून पाहिलं.

आजी ओट्यावर शेंगा फोडत होती. "पोरगी व्हईन," म्हणाली, टोपड्याचा पिवळा रंग बघून. त्या रंगावरून तिनं हे कसं काढलं ते विचारायचं राहिलं.

२ डिसेंबर

पोरगीच झाली. पाचवीला टोपडं घालून फोटो आला. जरा मोठं होतंय. जानेवारीत बरोबर बसेल. लहान झालं असतं तर काही करता आलं नसतं.

१५ डिसेंबर

आरएसी जवळ. स्वेटरची पाठ पूर्ण, पुढची बाजू मुंढ्यापर्यंत. इथेच ठेवते. मुंढ्याला दोन्हीकडे सहा-सहा टाके बंद करायचे आणि मग दर सुलट ओळीला एकेक कमी, ते मोजत बसले तर स्लाइडवरचे आकडे डोक्यात राहणार नाहीत.

ठेवताना सुईला चिठ्ठी टाचली: 'पुढची बाजू, कडेपासून ३८ सेंमी, ८ नंबर, पुढली ओळ सुलट, मुंढा या ओळीपासून.' ही सवय लॅबच्या वहीतून आली. तिथे उद्या आपण आजारी पडलो तर दुसऱ्याला वाचून काम उचलता आलं पाहिजे, असं शिकवतात. विणकामात ती दुसरी व्यक्ती म्हणजे महिन्यानंतरची मीच, आणि तिला आजचं काही आठवत नसतं. किती अर्धवट स्वेटर उसवले जातात ते हात थकले म्हणून नसावेत. कुठे होतो तेच कळत नाही म्हणून जात असावेत.

थंडी चांगली पडलीय. घरून फोन आला, केळीवर चरका, म्हणजे थंडीचा फटका, दिसू लागलाय. पानं पिवळी पडतात, पोगा (मधलं गुंडाळलेलं नवं पान) सरकत नाही. आप्पा बागेच्या कडेला रात्री धूर करतात. म्हणजे शेकोटी रोजचीच.

२९ डिसेंबर

सादरीकरणाचा मसुदा मॅडमकडे गेला, तो परत येईपर्यंत चार दिवस कुणी काही विचारणार नाही. अशा फटीत डोक्याचं विणकाम बसवायचं. मुंढा, गळा, खांदे, सगळं यात उरकलं. खांदे शिवले नाहीत. पुढची आणि मागची बाजू समोरासमोर धरून तिसऱ्या सुईनं दोन्हीकडचा एकेक टाका एकत्र विणत बंद केले. शिवणीपेक्षा ही जोड खांद्याला ओझं नीट पेलते. कोमट पाण्यात भिजवला, खाटेवर टॉवेल घालून मापाला ओढून पसरला. आपल्या कोरड्या हवेत एका दिवसात वाळतो.

१२ जानेवारी २०२५

आप्पांनी स्वेटर घातला, शर्टावर, न बोलता. रात्री मोटर चालू करायला गेले, पहाटे आले. चहा पिताना म्हणाले, "बरा हाये. पन खिसा न्ही. टॉर्च कुठी ठेवू?"

खरं आहे. आकृती कुणा शहरातल्या माणसासाठी काढलेली. टॉर्च, टेस्टर, मोबाइल या तीन वस्तू रात्री केळीत जाणाऱ्या माणसाच्या अंगावर असतातच. उरलेली लोकर ४० ग्रॅमच्या आसपास आहे, एका खिशाला भरपूर. अंगावरचेच टाके सुईनं उचलून वर विणत जायचं आणि दोन्ही बाजू शिवायच्या. पण आता नाही. स्वेटर त्यांच्या अंगावरून उतरवला तर थंडी संपल्यावरच.

२६ जानेवारी

आरएसी झाली. सगळ्यांत मोठं कडं देणारे तीन जिवाणू पुढे न्यायचे, कुंडीतल्या रोपांवर चाचणी घ्यायची, आणि कड्याच्या मापावर विसंबून राहू नका, द्रव माध्यमात विरघळलेला फॉस्फरस मॉलिब्डेट पद्धतीनं (रंगाच्या गडदपणावरून) मोजा, असं समितीनं सांगितलं. बरोबर आहे. प्लेटवर मोठं कडं दाखवणारा जिवाणू द्रव माध्यमात ढेपाळू शकतो. एका सरांनी शेवटी विचारलं, नमुने कापसाच्या शेतातून का नाही घेतले? मी म्हटलं, केळीला स्फुरद द्यायचा खर्च आमच्याच घरात दिसतो. हे उत्तर शास्त्रीय नव्हतं, पण कुणी खोडलं नाही.

१६ फेब्रुवारी

ओढणी सुरू. लाटांची जुनी वीण घेतली, अठरा टाक्यांची. चार ओळींत एकच ओळ डोक्याची: तीनदा दोन-दोन टाके एकत्र, मग सहा वेळा धागा पुढे घेऊन एक सुलट, पुन्हा तीनदा दोन-दोन एकत्र. सहा टाके कमी, सहा नवे, गोळाबेरीज अठराच. बाकीच्या तीन ओळी सरळ. चार पटी ७२, कडांना तीन-तीन, एकूण ७८ टाके. दर पट्टीच्या सीमेवर रंगीत दोऱ्याची गाठ अडकवलीय, म्हणजे पट्टीत अठरा भरले की नाही ते तिथल्या तिथे कळतं, ओळीच्या शेवटापर्यंत जावं लागत नाही.

हे काम मुद्दाम निवडलं. कुंडीतल्या रोपांना रोज सकाळी पाणी, आठवड्याला उंची आणि पानं मोजायची. सलग लक्ष मागणारं काही नाही, पण रोजचं आहे. तशीच वीण: तीन ओळी व्याख्यानाबरोबर, चौथी गजर नसताना.

सुती धागा लोकरीसारखा माफ करत नाही. लोकर ताणते आणि परत येते, त्यामुळे थोडा सैल-घट्ट हात धुतल्यावर दडून जातो. सुतात प्रत्येक टाका जसा टाकला तसाच दिसतो. शिवाय सूत जड. मोठा तुकडा स्वतःच्या वजनानं खाली उतरतो. म्हणून लटकवून मोजायची नाही, खाटेवर पसरूनच.

३० मार्च

पाडवा. लोकर हातात धरवत नाही. तळवा घामेजला की धागा सुईवर सरकत नाही आणि टाके घट्ट होत जातात. सूत चालतं, पण तेही सकाळी आठपर्यंत. धातूच्या सुया तापलेल्या असतात, बांबूच्या काढल्या. मोठ्या कामाची मजा अशी की ते मांडीवर पसरतं. खान्देशात उन्हाळ्यात मांडीवर पसरणारं काही नको. ओढणी अरुंद ठेवली ते एवढ्यासाठीच. खोलीत पंख्याखाली गुंडी डब्यात घालून वर भोक पाडलं, नाहीतर धागा पंख्याच्या वाऱ्यानं भरकटतो.

१८ मे

बाहेर ४४ अंश. कुंडीतली पहिली फेरी संपली. दोन जिवाणू नियंत्रणाच्या (जिवाणू न घातलेल्या) रोपांपेक्षा सरस दिसतात, तिसरा नाही. सरासरीतला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरतो का ते रूममेट बघून देणार. बदल्यात मी तिला टाके घालायला शिकवतेय.

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) घरी गेले तेव्हा स्वेटर घेऊन आले. गळ्याशी धुराचा वास, पाठीवर केळीच्या चिकाचे तपकिरी डाग. चिकाचे डाग जात नाहीत, त्यावर वेळ घालवला नाही. शेकोटीची ठिणगी पडून उजव्या बगलेखाली डाळीच्या दाण्याएवढा भाग करपलाय. भोक पडलं नाही, पुढे पेटलंही नाही. खिसा डाव्या बाजूला विणला, टॉर्चच्या उंचीचा, तोंडाला दोन-दोनची वीण म्हणजे वाकल्यावर टॉर्च पडणार नाही. ठेवणीत टाकायच्या आधी धुतला, कारण कसर घाम आणि तेलाच्या डागावर आधी बसते. अळीला केराटिन पचतं. अ‍ॅक्रिलिकला ती तोंड लावत नाही. कडुनिंबाची सुकी पानं सुती कापडात बांधून ट्रंकेत ठेवली. धुऊन घट्ट बंद ठेवणं हाच खरा उपाय, पानं आईच्या समाधानासाठी.

लोकर उरली १५ ग्रॅम. दुरुस्तीसाठी ठेवायची, कुणाला द्यायची नाही. ओढणी दोन हात झाली, अजून एक हात. जुलैत पुढची आरएसी, त्याआधी मॉलिब्डेटचे आकडे. ते चालू असेपर्यंत ओढणीची चौथी ओळ बंद. भाची आता बसायला लागलीय, वहिनीनं विचारलंय झबलं करशील का. सुती, बिनजाळीचं, जूननंतर.